इडा, पिंगला, सुषुम्ना: आल्या कुठून आणि असतात कुठे?

सांजवात

माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवते आणि हल्ली सकाळी योगवर्गाला जाते. वर्गाच्या भिंतीवर तो सगळीकडे दिसणारा तक्ता आहे. मांडी घातलेला माणूस, कण्यावर इंद्रधनुष्याच्या क्रमाने सात कमळं, आणि कण्याभोवती वेटोळे घेत वर गेलेल्या दोन नाड्या, एक निळी, एक लाल. बाई सांगतात की मधली सुषुम्ना म्हणजे मज्जारज्जू, डावी इडा म्हणजे परानुकंपी (शरीराला शांत करणारी) चेतासंस्था आणि उजवी पिंगला म्हणजे अनुकंपी (शरीराला सावध करणारी). एकूण नाड्या ७२,०००. त्या 'ब्लॉक' झाल्या की आजार.

मी मुलांना जे शिकवते त्याच्याशी हे जुळत नाही. अनुकंपी गुच्छिकांची, म्हणजे चेतापेशींच्या गाठींची, साखळी कण्याच्या दोन्ही बाजूंना असते. परानुकंपीचा मोठा कारभार व्हेगस चेतेकडे, आणि त्याही दोन, डावी आणि उजवी. मग डावीकडे एक संस्था आणि उजवीकडे दुसरी, हे ठरवलं कुणी? ७२,००० कुणी मोजल्या? आणि ज्यांनी हे मुळात लिहिलं त्यांना चेतातंतूच म्हणायचे होते का?

जाणकारांनी लिहावं. टिंगल नको आणि 'आपल्या ऋषींना सगळं आधीच ठाऊक होतं' हेही नको, अशी विनंती. पहिली विनंती पाळली जाणार नाही हे माहीत आहे.

बोरीबंदर

जागा पकडून बसलो आहे. शेंगदाणे आणलेत.

तर्कट

सोपं उत्तर: नसतात. आणि हे मी एकटा म्हणत नाही. आर्य समाज स्थापन करणारे दयानंद सरस्वती तरुणपणी हठप्रदीपिका वगैरे हठयोगाच्या पोथ्या घेऊन गंगाकाठाने फिरत होते. नाड्या आणि चक्रांची वर्णनं वाचून त्यांना शंका यायची. गढमुक्तेश्वरच्या बाजूला नदीत एक प्रेत वाहत आलं. त्यांनी ते काठावर ओढलं, चाकूने चिरलं आणि पोथीतलं वर्णन शेजारी ठेवून ताडून पाहिलं. काही जुळेना. तेव्हा पोथ्या फाडल्या आणि प्रेतासोबत नदीत सोडून दिल्या. हे त्यांनी स्वतःच आत्मकथनात सांगितलंय. एका संन्याशाने केलेली ही तपासणी योगवर्गाच्या भिंतीवर तक्त्याच्या शेजारी लावायला हवी.

बोरीबंदर

तक्ता पाहून लोक योगासनं करतात. हे पाहून पळून जातील.

पोथीनिष्ठ

तर्कट, प्रसंग खरा आहे, पण त्यातून एवढंच ठरतं की मेलेल्या देहात नाड्या दिसत नाहीत. लिहिणाऱ्यांनी 'दिसतील' असं म्हटलं होतं का, हे आधी पाहू. सांजवातताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाला थोडं लांबून यावं लागेल.

नाड्यांची सगळ्यात जुनी वर्णनं उपनिषदांत आहेत, आणि तिथे कणा नाही, कुंडलिनी (कण्याच्या तळाशी निजलेली म्हणतात ती शक्ती) नाही, इडा-पिंगला ही नावंही नाहीत. तिथे मूळ आहे हृदय. बृहदारण्यकात (२.१.१९) 'हिता' नावाच्या ७२,००० नाड्या हृदयातून निघतात. विषय आहे झोप. गाढ झोपेत पुरुष या नाड्यांमधून सरकतो आणि आत जाऊन विसावतो. पुढे (४.३.२०) सांगितलंय की त्या हजार वेळा चिरलेल्या केसाइतक्या बारीक असतात आणि पांढऱ्या, निळ्या, पिवळसर, हिरव्या, तांबड्या रसांनी भरलेल्या असतात. छांदोग्यात आणि कठात विषय आहे मरण. हृदयाच्या नाड्या १०१. त्यातली एक वर डोक्याकडे जाते. तिच्यातून जो निघतो तो अमर होतो, उरलेल्या शंभर इतर दिशांना नेतात. ती एक वरची नाडी म्हणजेच पुढे सुषुम्ना, असं भाष्यकार सांगतात.

म्हणजे सुरुवात 'शरीर कसं चालतं' इथून झालेली नाही. झोपल्यावर माणूस कुठे जातो आणि मेल्यावर कुठून बाहेर पडतो, या दोन प्रश्नांपासून झाली आहे.

पतंजलीचं योगसूत्र उघडलंत तर आणखी गंमत. तिथे इडा-पिंगला-सुषुम्ना नाहीतच. नाव घेऊन आलेली नाडी एकच, कूर्मनाडी (३.३१). तिच्यावर संयम, म्हणजे एकाग्र ध्यान, केला की स्थैर्य येतं. बस.

तुमच्या तक्त्यातली मंडळी येतात ती पुढे, तंत्रग्रंथांत आणि मग नाथांच्या हठग्रंथांत. तिथे नाड्यांचं मूळ हृदयातून खाली सरकून नाभीखालच्या 'कंदा'त जातं. पक्ष्याच्या अंड्यासारखा कंद, त्यातून ७२,००० नाड्या. गोरक्षाच्या नावावरच्या ग्रंथात त्यातल्या दहा महत्त्वाच्या: इडा डावीकडे, पिंगला उजवीकडे, मध्ये सुषुम्ना, गांधारी डाव्या डोळ्यात, हस्तिजिह्वा उजव्या, पूषा उजव्या कानात, यशस्विनी डाव्या, अलंबुषा तोंडात, कुहू जननेंद्रियात, शंखिनी गुदाशी. यादी नीट पाहा. शरीराला जेवढी दारं, तेवढ्या नाड्या.

कानफाट्या

व्यवसायाने कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे, आयडी त्यावरून. नाथपंथाशी संबंध नाही. यशस्विनीत मळ साठला असेल तर माझ्याकडे या.

पाढे_पंचावन्न

७२,००० कुणी मोजल्या यावर. प्रश्नोपनिषदात (३.६) चक्क गणित घातलंय. मुख्य नाड्या १०१, प्रत्येकीच्या शंभर शाखा, त्या प्रत्येकीच्या पुन्हा ७२,००० उपशाखा. करून पाहिलं:

१०१ + १०,१०० + ७२,७२,००,००० = ७२,७२,१०,२०१

बहात्तर कोटी बहात्तर लाख दहा हजार दोनशे एक. शेवटच्या त्या 'एक'वर माझा जीव जडलाय.

पोथीनिष्ठ

आणि शिवसंहिता म्हणते साडेतीन लाख, त्यातल्या मुख्य चौदा. एकमेकांचे ग्रंथ हे लोक वाचत होते, उताऱ्यांवर उतारे उचलत होते, तरी आकडा एक करावा असं कुणाला वाटलं नाही. शरीररचना सांगणारे असते तर यावर भांडणं झाली असती. आयुर्वेदाशी तुलना करा. सुश्रुताने सिरा ७००, धमनी २४, मर्मं १०७ असं मोजून ठेवलंय, आणि प्रेत पाण्यात कुजवून थरथर कसं पाहायचं तेही लिहिलंय. त्याच्या यादीत इडा-पिंगला नाहीत. ज्यांना चिरून बघायचं होतं ते वेगळे, ज्यांना डोळे मिटून बसायचं होतं ते वेगळे.

खोडसाळ

आमची 'एकनाड' निघाल्यामुळे सोयरीक मोडली होती. ३६ पैकी २८ गुण जमले, नाडीचे आठ गेले. ७२ कोटींतून नेमकी तीच एक कशी आली म्हणतो मी.

माजघर

@खोडसाळ, सुटलात का अडकलात?

खोडसाळ

ती सुटली.

ओवीकर

या विषयावर मराठीत इतकं सुंदर लिहिलेलं असताना सगळे संस्कृतात का शिरलेत? ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय काढा. गीतेत तिथे कुंडलिनीचा शब्दही नाही. श्रीकृष्ण एवढंच सांगतात की स्थिर बस, नासाग्री दृष्टी ठेव, मन आवर. ज्ञानदेव तिथे थांबतात आणि नाथांकडून आलेली सगळी विद्या ओव्यांत ओततात. गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ, मग ते स्वतः. १२९० साली, नेवाशात, साध्या माणसांच्या भाषेत. तोवर ही गुरूने कानात सांगायची गोष्ट होती.

आधी मूळबंध, मग जालंधर, मग वोढियाणा, हे शरीर आवळून धरण्याचे तीन बंध. मग ती दिसते:

नागिणीचें पिलें । कुंकुमें नाहलें ।
वळण घेऊनि आलें । सेजे जैसें ॥

'मोटकी औट वळणी', म्हणजे साडेतीन वेढे घालून खाली तोंड करून निजलेली. ती जागी होते तेव्हा भुकेली असते. मांस खाते, हाडांचा रस ओढते, सातही धातूंचा समुद्र पिऊन टाकते. नाकाबाहेर बारा अंगुळं जाणारा वारा धरून माघारी आत घालते. आणि मग:

इडा पिंगळा एकवटती । गांठी तिन्ही सुटती ।
साही पदर फुटती । चक्रांचे हे ॥

बघा, डावी-उजवी राहतच नाही. दोन्ही एक होतात. आणि चक्रं सहा. सात नाहीत, रंगीत नाहीत, पदरासारखी फुटणारी.

तर्कट

कविता म्हणून मला मान्य आहे. मांस खाणारी नागीण शरीरात आहे असं तुम्हीही म्हणणार नाही.

ओवीकर

माझं म्हणणं काय आहे ते सोडा, ज्ञानदेव स्वतः शेवटी काय म्हणतात ते ऐका. 'पिंडें पिंडाचा ग्रासु, तो हा नाथसंकेतींचा दंशु.' देहाने देह गिळायचा, हे नाथांच्या संकेतातलं वर्म. संकेत म्हटलंय त्यांनी.

वाळवंटी

ओवीकर माउली, पण याच ज्ञानदेवांच्या हरिपाठात 'योग याग विधी येणे नोहे सिद्धी, वायांचि उपाधी दंभधर्म' आहे. आमच्या घरी पिढ्यानपिढ्या वारी आहे. आजोबा सहावा अध्याय आला की पारायणात वाचायचे, पण अर्थ सांगायचे नाहीत. म्हणायचे, हे आपल्यासाठी नाही, आपल्याला नाम पुरे. वारकऱ्यांनी ही विद्या नाकारली नाही, पण ओलांडून पुढे गेले. त्यामुळे 'मराठी परंपरा म्हणजे नाथांची कुंडलिनी' हे अर्धंच खरं.

ओवीकर

अर्धं तर अर्धं. हरिपाठाचे ज्ञानदेव आणि ज्ञानेश्वरीचे ज्ञानदेव एकच का, यावर अभ्यासकांचे जुने वाद आहेत. इथे उघडले तर सांजवातताईंचा धागा बुडेल. पण सहाव्यात या वाटेला ते 'पंथराज' म्हणतात. टाकाऊ वाटेला कुणी पंथराज म्हणत नाही.

कानफाट्या

आता जरा गंभीरपणे. डावी-उजवी कुठून आली याचं एक उत्तर नाकात आहे.

आत्ता एक नाकपुडी बोटाने बंद करून श्वास घ्या, मग दुसरी. बहुतेकांना एक मोकळी आणि एक थोडी बंद जाणवेल. काही तासांनी उलट. नाकाच्या आत दोन्ही बाजूंना रक्ताने फुगणारी ऊती असते. मेंदूतून येणाऱ्या अनुकंपी संदेशांनी एका बाजूची आकसते, तेव्हा दुसऱ्या बाजूची सुजते, मग पाळी बदलते. रिचर्ड कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरने १८९५ साली याचं वर्णन केलं आणि तेव्हापासून आमच्या पुस्तकांत त्याला नासाचक्र म्हणतात. माणसागणिक वेळ वेगळा, साधारण दोन-तीन तासांपासून सात-आठ तासांपर्यंत.

योगी लोकांना हे त्याच्या कितीतरी शतकं आधी ठाऊक होतं, आणि ते नेमक्या शब्दांत लिहून ठेवलेलं आहे. हे मान्य करायला मला काहीच त्रास नाही. ज्यांनी आयुष्यभर श्वासावर लक्ष ठेवलं त्यांना हे लक्षात आलं नसतं तरच नवल. डावा श्वास इडा, उजवा पिंगला, आणि पाळी बदलताना थोडा वेळ दोन्ही सारखे वाहतात ती सुषुम्ना, असं स्वरशास्त्राच्या पोथीत आहे ना? पोथीनिष्ठ, दुरुस्त करा.

पोथीनिष्ठ

बरोबर, शिवस्वरोदय. पण तिथे पाळी ठरावीक आहे. दर अडीच घटका, म्हणजे एक तास. वर तिथीचं गणित: शुक्ल प्रतिपदेपासून तीन दिवस सूर्योदयाला चंद्रस्वर (डावा), पुढचे तीन दिवस सूर्यस्वर (उजवा), कृष्ण पक्षात उलट. आणि त्यावरून सगळं ठरवायचं. लग्नकार्य, दागिने, घरबांधणी डाव्यावर. भांडण, व्यायाम, जेवण उजव्यावर. जो स्वर चालू असेल ते पाऊल आधी टाकून घराबाहेर पडायचं.

तर्कट

हे मला आवडलं, कारण हे तपासता येतं. कुणीही पंधरवडाभर सूर्योदयाला उठून नाकपुडी पाहावी आणि पंचांगाशी ताडावी. प्रेत शोधायला नको.

गुहागरी

माझ्या मामांनी हे केलंय. निवृत्त झाल्यावर पंचांगाच्या समासात रोज 'डा' किंवा 'उ' लिहायचे. कधी जुळायचं, कधी नाही. न जुळलेल्या दिवसांपुढे 'सर्दी' किंवा 'जागरण' अशी कारणं लिहिलेली. जुळलेल्या दिवसांपुढे मात्र काही कारण नाही :)

तर्कट

तुमच्या मामांनी अख्ख्या छद्मविज्ञानाची कार्यपद्धती समासात मांडली आहे. दंडवत सांगा.

माजघर

पण मग वामकुक्षीचं काय? आमच्याकडे दुपारी जेवून डाव्या कुशीवर पडायचं, हे लहानपणापासून. आजी म्हणायची, डाव्या कुशीवर पडलं की उजवा सूर चालतो, उजवा सूर म्हणजे सूर्य, सूर्य म्हणजे भूक आणि पचन. मी हे आजीचं काहीतरी म्हणून सोडून दिलं होतं. आता शिवस्वरोदयात जेवण उजव्यावर आहे म्हटल्यावर दोन्ही गोष्टी जुळल्या.

कानफाट्या

आजीचं पहिलं वाक्य शंभर टक्के बरोबर. कुशीवर पडलं की खालची नाकपुडी सुजते आणि वरची मोकळी होते. डाव्या कुशीवर उजवी मोकळी. हे आमच्याकडे मोजून झालेलं आहे. दुसऱ्या वाक्याचं, म्हणजे त्याने पचन सुधारतं का, तर डाव्या कुशीचा फायदा आहे पण कारण वेगळं. जठराचा फुगीर भाग डावीकडे असतो. त्या कुशीवर आम्ल अन्ननलिकेत कमी चढतं. जळजळ होणाऱ्यांना आम्हीही तेच सांगतो. पिंगलेचा त्यात हात असल्याचं मला माहीत नाही.

बगलेत दाब दिला तरी हेच होतं. ज्या बगलेत दाब, त्या बाजूची नाकपुडी बंद, समोरची उघडते.

सातारकर

म्हणूनच योगदंड! सज्जनगडावर समर्थांची म्हणून कुबडी दाखवतात. शाळेच्या सहलीत गुरुजींनी सांगितलं होतं की आत गुप्ती आहे, तेवढंच आम्ही लक्षात ठेवलं. पुढे एका साधूंकडून कळलं की बसून जप करताना ती बगलेखाली घ्यायची आणि हवा तो स्वर चालू करायचा. गुप्तीपेक्षा हे भारी निघालं.

बोरीबंदर

लोकलमध्ये वरची कडी धरून लोंबकळताना शेजारच्याची बगल येते ती वेगळी. तिने दोन्ही स्वर बंद होतात.

सांजवात

हसून हसून वाट लागली. पण माझा दुसरा प्रश्न अजून तसाच आहे. नाड्या म्हणजे चेतातंतू हे समीकरण कुणाचं?

पोथीनिष्ठ

इंग्रजी अमदानीतल्या सुशिक्षितांचं. वैद्यकीय महाविद्यालयं निघाली, शवविच्छेदन शिकलेली पिढी आली, आणि घरातल्या पोथीची लाज वाटू लागली, किंवा अभिमान वाटू लागला. दोन्हींतून मार्ग एकच: पोथीतल्या प्रत्येक शब्दापुढे शरीरशास्त्रातला शब्द लिहायचा.

यात आपला मुंबईकरही आहे. डॉ. वसंत गंगाराम रेळे. १९२७ साली त्यांनी कुंडलिनीवर इंग्रजीत पुस्तक काढलं. कुंडलिनी म्हणजे उजवी व्हेगस चेता, असा त्यांचा सिद्धांत. प्रस्तावना मागितली सर जॉन वुड्रॉफ यांच्याकडे. हे कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, तंत्राचे अभ्यासक. पूर्णानंदांचं १५७७ सालचं 'षट्चक्रनिरूपण' त्यांनीच १९१९ साली आर्थर अ‍ॅव्हलॉन या नावाने इंग्रजीत आणलं होतं. वुड्रॉफनी प्रस्तावना दिली आणि तिच्यातच सभ्यपणे सांगितलं की कुंडलिनी ही कुठलीही चेता नव्हे. पुस्तकाच्या पहिल्याच पानांत लेखकाचा सिद्धांत नाकारलेला, आणि रेळ्यांनी तो छापला. हा दिलदारपणा आज दिसत नाही.

तुमच्या तक्त्याचा अर्धा भाग त्या वुड्रॉफच्या ग्रंथातून जगभर गेला. मात्र वेटोळे पाहा. षट्चक्रनिरूपणाच्या पहिल्याच श्लोकात इडा-पिंगला मेरूच्या, म्हणजे कण्याच्या, बाहेर, डावी आणि उजवीकडे, एवढंच आहे. चक्रागणिक एकमेकींना छेदत जाणं टीकांमधून आणि चित्रांमधून पक्कं झालं. इंद्रधनुष्य तर अगदी अलीकडचं, पाश्चात्त्यांचं. ग्रंथात मूलाधाराचा पृथ्वीचा चौकोन पिवळा आहे. तुमच्याकडे तिथे लाल असेल.

सांजवात

लालच आहे!

कुशावर्त

बरीच वर्षं साधना करतोय, म्हणून लिहितो. सगळे नाड्या 'शोधत' आहेत. परंपरेत त्या शोधायच्या नसतात, लावायच्या असतात. गवयाचा गळा चिरून षड्ज सापडत नाही, म्हणून षड्ज खोटा ठरत नाही. रियाजाने तो लागतो. ग्रंथ सांगतो इथे लक्ष ठेव, इथून श्वास वर ने. करत राहिलं की तिथे काहीतरी घडतं. हठप्रदीपिकेत सुषुम्नेला शून्यपदवी, महापथ, श्मशान, मध्यमार्ग अशी नावं दिली आहेत. शिरेला कुणी श्मशान म्हणत नाही. आणि एक श्लोक (४.१७) तर असा की सूर्य आणि चंद्र मिळून दिवसरात्रीचा काळ घडवतात आणि सुषुम्ना तो काळ खाऊन टाकते. डावा-उजवा श्वास चालू आहे तोवर घड्याळ चालू. मध्ये गेला की वेळेचं भान नाही. हे मी अनुभवलंय, थोडंसंच.

तर्कट

कुशावर्त, षड्ज तंबोऱ्यावर लावला की मला, तुम्हाला आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला एकच ऐकू येतो. तुमची सुषुम्ना मला कशी ऐकवणार?

कुशावर्त

नाही ऐकवता येणार. बसावं लागेल.

तर्कट

आणि बसलो तरी मला तेच दिसेल जे आधी वाचलंय. काश्मीरचे गोपी कृष्ण घ्या. सरकारी कचेरीत कारकून. १९३७ च्या नाताळात जम्मूला ध्यानात बसले असताना कण्यातून प्रकाशाचा लोट वर गेल्याचा अनुभव आला, आणि मग कित्येक दिवस अंगाची लाही, झोप नाही, अन्न नको, मरणाच्या दारात. त्यांनी निष्कर्ष काढला की शक्ती चुकून पिंगलेतून चढली. मग डावीकडून इडेतून थंड प्रवाह वर नेण्याची कल्पना केली आणि दाह शमला. तो माणूस खोटं बोलत होता असं मी म्हणत नाही. पण पिंगला गरम आणि इडा थंड हे त्यांना वाचून माहीत होतं. नकाशा डोक्यात होता, शरीराने तो रंगवला.

कुशावर्त

अगदी हेच तर मी म्हणतोय. शरीर तो रंगवू शकतं, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

पाढे_पंचावन्न

दोघं एकच बोलताय आणि भांडताय. फारच मराठी धागा.

न्यूजर्सीची_मावशी

तात्त्विक चर्चेत एक व्यवहाराची सूचना. इथे आमच्या मंडळातल्या एका तरुण मुलाने चित्रफिती पाहून सकाळ-संध्याकाळ जोरजोरात भस्त्रिका (भात्यासारखा श्वास) सुरू केली, श्वास कोंडून धरायचा ते वेगळंच. हातापायांना मुंग्या, छातीत धडधड, रात्री झोप नाही. त्याला वाटलं कुंडलिनी जागी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, अतिश्वसन आणि घाबरगुंडी. बंद केल्यावर बरा झाला. चित्रफितीत 'नाड्या उघडतील' एवढंच होतं, कुणी करू नये याबद्दल अवाक्षर नाही.

पोथीनिष्ठ

मावशी, पोथीत मात्र आहे. हठप्रदीपिका (२.१६): योग्य प्राणायामाने सर्व रोग जातात, अयोग्य अभ्यासाने सर्व रोग उद्भवतात. आणि त्याच्या आधीच्या श्लोकात, सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश करतात तसा वारा वश करावा, नाहीतर तो साधकालाच मारतो. नाडीशुद्धीला वेळही दिलाय, तीन महिन्यांच्या वर, नियमाने.

सांजवात

आमच्या वर्गात रविवारचं 'नाडीशुद्धी शिबिर' आहे, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. शुल्क वेगळं.

बोरीबंदर

तीन महिन्यांचं काम आठ तासांत! जेवणाची सुट्टी धरून!

लोणावळेकर

एवढ्या चर्चेत कैवल्यधामचं नाव कसं नाही आलं? स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात संस्था काढली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' नियतकालिक. त्यांची भूमिका मला सगळ्यात प्रामाणिक वाटते. ज्याचं मोजमाप होतं ते मोजायचं. उड्डियान (पोट आत ओढणं) आणि नौली (पोटाचे स्नायू घुसळणं) करताना क्ष-किरणांची छायाचित्रं घेतली, आतड्यातला दाब मोजला. नौलीत आतला दाब वातावरणापेक्षा खाली जातो आणि म्हणून बस्तीत (गुदद्वारातून पाणी घेऊन आतडं धुण्याच्या क्रियेत) पाणी आपोआप वर ओढलं जातं, हे त्यांनी दाखवून दिलं. कुठलीही नाडी न दाखवता हठयोगातली एक 'चमत्कारिक' क्रिया समजावून सांगितली. हठप्रदीपिकेची संस्थेची १९७० ची आवृत्तीही चांगली आहे, हस्तलिखितं ताडून केलेली.

कानफाट्या

मोजमापाचं निघालंच आहे तर बंगळूरच्या गटाचा १९९४ सालचा अभ्यास सांगतो, शर्ली टेलेस आणि सहकाऱ्यांचा. महिनाभर काहींना फक्त उजव्या नाकपुडीने, काहींना फक्त डाव्या, काहींना आलटून पालटून श्वास घ्यायला लावला. उजवीवाल्यांचा प्राणवायूचा वापर ३७ टक्क्यांनी वाढला. पिंगला गरम म्हणणारे हाच आकडा सांगतात. पण डावीवाल्यांचाही २४ टक्क्यांनी वाढला, आणि आलटून पालटून करणाऱ्यांचा १८. इडा थंड असेल तर तो घटायला हवा होता. हा दुसरा आकडा शिबिरांत सांगत नाहीत.

तर्कट

हे वाचनखुणांत ठेवलं.

कुशावर्त

मीही. आणि अनुलोम-विलोम चालूच ठेवणार.

सांजवात

सगळ्यांचे आभार. मला जे हवं होतं ते बरंचसं मिळालं. मज्जारज्जूचं समीकरण इंग्रजी अमदानीतलं, आकडे कुणी मोजलेले नाहीत, आणि डावी-उजवीच्या मागे नाकाचं खरंखुरं निरीक्षण आहे. वर्गात बाईंशी वाद घालणार नाही, त्या आसनं छान शिकवतात. पण शाळेत श्वसनाचा धडा येईल तेव्हा मुलांना नाकपुड्या तपासायला लावणार आहे. रविवारी शिबिराला जाणार नाही, झोपणार आहे. डाव्या कुशीवर.

मोरपंखी

धागा संपत आलाय तरी विचारते. कानफाट्या, माझी डावी नाकपुडी कधीच नीट उघडत नाही. योगवर्गात सांगितलं की माझी इडा बंद आहे, म्हणून स्वभाव तापट. हे जलनेतीने सुटेल का?

कानफाट्या

स्वभावाबद्दल घरच्यांना विचारा. एकच बाजू कायम बंद असेल तर बहुधा मधला पडदा वाकडा आहे, किंवा आत मांसल वाढ आहे. हे दुर्बिणीने दोन मिनिटांत कळतं, आधी ते पाहून घ्या. तोवर नाक मोकळं करणारे थेंब रोज टाकू नका. काही दिवसांपलीकडे ते उलटतात आणि थेंबांशिवाय नाक उघडेनासं होतं. जलनेती करायला हरकत नाही, पण पाणी उकळून कोमट केलेलंच, नळाचं थेट नाही, आणि मीठ अश्रूंइतकं खारट. नंतर पुढे वाकून सगळं पाणी बाहेर काढा, आणि जोरात शिंकरू नका, पाणी कानात जातं.

मोरपंखी

कुठल्या कानात? यशस्विनीच्या का पूषाच्या?

कानफाट्या

डावीकडून शिंकरलंत तर यशस्विनीच्या. सोमवारी अकराच्या आधी दवाखान्यात गेलात तर गर्दी कमी असते. जुने कागद असतील तर बरोबर न्या.